नावे

वसमतला, नांदेड रस्त्यावर,
टायरच्या दुकानाला पाठ लावून
माझं कांडप आहे. दहा बाय बारा, पत्र्याखाली.
दुपारी तीनला आत उभं राहिलं
की आपणच दळून निघतो.

मार्चअखेरीला मुनीम विचारतो,
"अनसूयाबाई, भांडवल किती? कुणाचं?"
मी सांगते, बँकेचे एक लाख वीस,
गटाचे तीस,
माझे शिलाईतले अकरा.
तो मांडतो. बेरीज जुळते.
मला ती जुळल्यासारखी वाटत नाही.

कारण मीटर येईपर्यंत चाळीस दिवस
नसरीन आपाच्या पिठाच्या गिरणीतून
वायर ओढली होती, भिंतीला भोक पाडून.
भोक अजून आहे.
त्यातून आता चहा येतो-जातो.

कारण पहिल्याच आठवड्यात मोटार जळाली तेव्हा
दिगांबर वायरमन
मेव्हण्याच्या जागरण-गोंधळातून उठून आला,
कपाळाला भंडारा तसाच.
मी येड्यासारखं आधी विचारलं,
हा कुठून घेतला?

कारण मुंदडाशेठ,
ज्यांच्या चार मशीनी,
ज्यांचं गिऱ्हाईक मी तोडणार होते,
एकदा गाडी हळू करून म्हणाले,
"जाळी बदला. बोटाला रवाळ लागते तुमची हळद."
आणि गेले.
नंतर कधी ओळख दाखवली नाही.

आणि कौसाबाई.
गटाच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर
तेव्हा हिचा मांडीवरच.
"मिरची अन् हळद एकाच मशीनीत दळणार म्हणे ही.
एक दिवस घोळ करील. लिहून ठेवा."
कुणी लिहून ठेवलं नाही.
ठेवायला पाहिजे होतं.

मे महिन्यात, ऐन लगीनसराईत,
कुरुंद्याच्या एका नवरदेवाला हळद लागली
आणि अर्धा मांडव शिंकायला लागला.
नवरदेव म्हणे दिवस बुडेपर्यंत
हौदातच बसून होता.
मिरचीनंतर मी मशीनीतून कोंडा फिरवला होता.
पुरेल वाटला होता तेवढा.

मग तीन आठवडे एक डबा आला नाही.
मी शटर उघडायची, जाळी घासायची,
शटर ओढायची.
नसरीन आपा आपली गिरणी पोरावर सोडून
रोज माझ्या स्टुलावर येऊन बसायची,
मांडीवर रिकामी पिशवी घेऊन.
"लांबून गिऱ्हाईक दिसलं पाहिजे," म्हणायची.

आणि एका आठवडी बाजारात
कौसाबाई माझ्या फडक्यापुढं उभी राहिली.
चिमूटभर हळद उचलली,
तळहातावर पाण्यात कालवली
आणि भर बाजारात
दोन्ही गालांना फासली. डोळ्यांखालीसुद्धा.

नवरा गेल्याला तिच्या बावीस वर्षं झाली.

तशीच बसून राहिली उन्हात, तासभर.
थांबेल त्याला सांगत होती,
"बघा की. जळंना अजून.
जळलं तर मीच वरडीन, काळजी नका करू."
घरी गेल्यावर तिला कोण काय बोललं,
तिनं सांगितलं नाही.
त्या दिवशी सहा किलो गेली.

आता मिरचीची मशीन वेगळी आहे.
हप्ता चालू आहे.

मुनीम वही उलटी-सुलटी करतो.
"बाई, लोकांनी दिलं ते जमा.
त्यांच्याकडून येणं ते नावे.
तुम्ही ही सगळी माणसं नावेला काय लिहिलीत?
अन् आकडे कुठायत?"
मी म्हटलं, आकडे नव्हते.
नावंच होती.
तो हसला, पट्टी लावून
एकेक खोडत गेला.

एक ओळ मात्र मी खोडू दिली नाही.
कौसाबाई. हळद, चिमूटभर.
बाजारात घेतली, पैसे दिले नाहीत.

ती अधूनमधून विचारते,
"किती झाले गं माझे?"
मी म्हणते, बघू, वही मुनिमाकडंय.

फिटू द्यायची नाही.